फ्यूज उडतो, म्हणून घर वाचतं

आज मी एका अशा वस्तूबद्दल बोलणार आहे, जी आपलं काम चोख करते आणि नेमकी तेव्हाच शिव्या खाते. फ्यूज!

माझं लहानपण इंदूरला गेलं. मीटरशेजारी चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज होते. उन्हाळ्यात कूलरबरोबर इस्त्री लावली की फ्यूज गेलाच. एकदा बाबांनी वैतागून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळली. म्हणाले, "आता बघू कसा उडतो!" फ्यूज खरंच उडला नाही. आठवड्याभरात भिंतीतली वायर जळाली. आईला वास आला, तिनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून थोडक्यात निभावलं.

करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. मग कुठेतरी काहीतरी वितळणारच. ते भिंतीच्या आत वितळावं की डोळ्यांसमोर, एवढंच आपण ठरवू शकतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. म्हणून त्याचा आकडा वायरला सोसेल त्याहून मोठा कधीच नको.

आता प्रकार बघू. किटकॅट स्वस्त, पण त्यात कुणीही कसलीही तार घालू शकतं. हाच त्याचा दोष. स्टॅबिलायझरमध्ये असतो काचेच्या नळीचा फ्यूज. त्यावर आकड्याशेजारी 'एफ' असेल तर तो झटकन उडतो. 'टी' असेल तर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका सोसतो. बदलताना आकडा आणि अक्षर, दोन्ही जुळवा. कारखान्यांत एचआरसी फ्यूज लागतो. शॉर्टसर्किटमध्ये हजारो अँपिअर करंट धावतो, तेव्हा उडणारी ठिणगी त्याच्या आतली वाळू विझवते.

हल्ली घरोघरी एमसीबी असतो. तो वितळत नाही, खाली पडतो. लोड जास्त झाला तर आतली धातूची पट्टी तापून वाकते. शॉर्ट झाला तर चुंबक त्याला क्षणात पाडतो. पडलेला एमसीबी दामटून वर करू नका. आधी प्लग काढा, मग एकेक लावून दोषी शोधा.

शेवटची गोष्ट नीट ऐका. यातलं काहीही माणसाला शॉकपासून वाचवत नाही. सहा अँपिअरच्या फ्यूजला जे जाणवतही नाही, तेवढ्यात माणसाचा जीव जातो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा बसवावा लागतो. घरी असेल तर त्याचं 'टेस्ट' बटण आजच दाबून बघा. तो पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बाबांनी पुढे फ्यूज वायरचं रीळ आणून बोर्डाखालीच खिळ्याला टांगून ठेवलं. फ्यूज गेला की म्हणायचे, "गेला ना? बरं झालं. आधी इस्त्री काढ."