आकडा पोचला, पण अर्थ पोचला का?

कोणी बसमध्ये ऐकत असाल, कोणी संत्र्याच्या बागेत पाणी देता देता. आज विषय जरा अवघड नावाचा आहे, सिमँटिक इंटरऑपरेबिलिटी. घाबरू नका, सुरुवात माझ्या घरापासून करतो.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. आमच्या आबाजींकडे शेतीचा एक जुना कागद होता, त्यावर क्षेत्र लिहिलेलं १.५०. मी मोबाईलवर नवा सातबारा काढून दाखवला, त्यावर ०.६१. आबाजी एकदम तापले. "काऊन रे, माही अर्धी जमीन कुठं गेली?" चुलत्यांशी भांडायला निघालेच होते. मग लक्षात आलं की जुना आकडा एकरात आहे आणि नवा हेक्टरमध्ये. दीड एकर म्हणजे ०.६१ हेक्टरच. दोन्ही कागद खरे होते, आणि तरी घरात भाऊबंदकी पेटणार होती.

आता हेच भांडण बंदूक हातात असलेल्या दोघांत झालं तर?

१४ एप्रिल १९९४, उत्तर इराक. तिथल्या कुर्द लोकांच्या संरक्षणासाठी 'नो फ्लाय झोन' केलेला होता. अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकी लष्कराचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. दिवसाउजेडी, आणि वर टेहळणी करणारं अवॅक्स विमान हजर असताना!

कारणं बरीच होती. वैमानिकांनी डोळ्यांनी ओळखण्यातही चूक केली. पण त्यातली दोन कारणं आपल्या विषयाची आहेत. एक, 'मी आपलाच आहे' हे सांगणारा रेडिओ कोड. त्या क्षेत्राच्या आत एक कोड होता, बाहेर दुसरा. हेलिकॉप्टरवाले आत गेल्यावरही बाहेरचाच कोड वापरत होते. दुसरं कारण म्हणजे एक साधा शब्द. लढाऊ विमानांनी आधी आकाश तपासावं, तोवर कोणतंही 'एअरक्राफ्ट' आत जाऊ नये, असा नियम होता. पण या शब्दात हेलिकॉप्टर धरायचं की नाही? हेलिकॉप्टरं तर आधीच आत जायची, आणि तो नियम आपल्याला लागू नाही अशीच तिकडची समजूत होती. सैन्य एक, देश एक, भाषाही एक. फक्त अर्थ दोन.

म्हणून लक्षात ठेवा, दोन यंत्रणा जोडायच्या तर तीन पायऱ्या असतात. पहिली, तार जुळणं, म्हणजे संदेश पोचला. दुसरी, साचा जुळणं, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आहे ते कॉम्प्युटरला कळलं. तिसरी, अर्थ जुळणं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या मनात जे होतं तेच घेणाऱ्याला समजलं. पहिल्या दोन पायऱ्या पैसे देऊन विकत घेता येतात. तिसरीसाठी माणसांना आधी एकत्र बसून ठरवावं लागतं.

आणि सैन्यं हे करतात. लष्करी संदेशात वेळेपुढे 'झेड' असतो, म्हणजे झुलू. १७३० झुलू म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११. सुट्या भागांचंही तसंच. एकाच बेअरिंगला तीन गोदामांत तीन नावं असली, तर माल असूनही 'संपला' असं उत्तर येतं. त्यासाठी नाटोने वस्तूंना १३ आकडी क्रमांक द्यायची पद्धत ठेवली, आणि भारतही त्यात सहभागी आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. रशियन, फ्रेंच, अमेरिकी अशी विमानं एकाच दलात सांभाळायची म्हटलं की नाव आणि अर्थ जुळवणं किती मोठं काम असेल, विचार करा. १९९८ मध्ये तर सहा देशांनी मिळून लष्करी माहितीचा सामाईक शब्दकोशच बनवायला घेतला. 'तुकडी' म्हणजे काय, 'शत्रू' कोणाला म्हणायचं, 'संशयित' कोणाला, सगळं लिहून.

तुम्ही म्हणाल, भाऊ, आपल्याला याचं काय? तर मोवाड आठवा. आपल्याच तालुक्यातलं गाव. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर गावात शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे अजून घराघरांत ती गोष्ट सांगतात.

आज असा पूर आला तर महसूल, जलसंपदा, पोलीस, आपत्ती दल आणि गरज पडली तर लष्कर, सगळे एकाच माहितीवर धावतील. वर्धा उगम पावते मध्य प्रदेशात, आणि पुढे तिच्या एका काठाला नागपूर जिल्हा, दुसऱ्याला अमरावती. समजा, मेसेज आला, "विसर्ग ५००". ५०० काय? क्युसेक की क्युमेक? एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. एका अर्थाने नदीकाठी उभं राहून फोटो काढता येईल, दुसऱ्या अर्थाने आजीला उचलून पळावं लागेल. नेटवर्क फुल्ल असेल, मेसेजला निळी टिकही येईल. पण निळी टिक म्हणजे वाचलं, समजलं नव्हे.

म्हणून एवढंच करा. गावच्या ग्रुपवर पुराचा, पावसाचा मेसेज टाकताना आकड्यापुढे एकक लिहा. 'आज रात्री' न लिहिता तारीख आणि वेळ लिहा. 'पुलाजवळ' न लिहिता कोणता पूल ते लिहा. आणि शंका आली तर फॉरवर्ड करण्याआधी फोन करून विचारा.

आबाजींनी आता त्या जुन्या कागदावर पेनाने मोठ्ठं 'एकर' लिहून ठेवलंय. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!