आजची भाकर

उद्याची काळजी कुणाला चुकली आहे? पण प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती फक्त आजची.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. उपासमार त्यांनी स्वतः सोसली होती. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. एवढ्या जणींना उद्या काय घालायचे, हा प्रश्न होताच. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बायबलच्या भाषांतराचे काम मात्र थांबले नाही.

श्रद्धा दुःख टळण्याची हमी देत नाही. उद्याच्या भीतीने आजचा हात आखडू नये, एवढे बळ ती देते. आज झोपताना उद्याचे ओझे देवावर सोपवून पाहू या.