ओव्याचा अर्क आणि सेप्सिस



देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या पवारांबरोबर जी मराठी घरं माळव्यात आली, त्यांची बोली पुढे निम्मी माळवी झाली. पण बाळंतिणीच्या खोलीतला ओवा काही सुटला नाही. टोंकखुर्दकडच्या घरांतही बाळंतिणीला ओवा-शेपा देतात, धुरी देतात. हल्ली त्यात भर पडली आहे: ओव्याच्या तेलातला घटक म्हणे सेप्सिसवर चालतो. हे कितपत खरं?

घटकाचं नाव थायमॉल. ओव्याच्या दाण्यात साधारण 2 ते 4 टक्के उडून जाणारं तेल असतं आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा थायमॉलचा. थाइम नावाच्या युरोपी वनस्पतीतून कास्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने ते 1719 मध्ये वेगळं काढलं. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा तो याचसाठी. जंतुनाशक म्हणून आणि पोटातल्या अंकुशकृमींवर थायमॉल खरोखरीच वापरलं गेलं आहे. तेव्हा आजीचा ओवा अगदीच भोळा नव्हता.

आता सेप्सिस. जखमेतून, नाळेतून, गर्भाशयातून जंतुसंसर्ग होतो. जंतूंच्या कवचातलं विष आपल्या पेशींना लागलं की त्या दाह पेटवणारी रसायनं सोडतात. हा दाह एरवी उपकारकच. सेप्सिसमध्ये मात्र शरीराचा हा प्रतिसाद ताळतंत्र सोडतो. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होऊ लागतात. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर थायमॉल देऊन पाहिलं, तर ही रसायनं कमी सुटतात. निष्कर्ष खोटा नाही.

पण प्रयोगाची रीत पाहा. अशा पुष्कळ प्रयोगांत उंदराला औषध आधी मिळतं, विष मागाहून टोचतात. आपला रोगी येतो तो विष भिनल्यावर, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजून. शिवाय जेवढं विष उंदीर सहज पचवतो, त्याच्या अगदी थोड्या अंशाने माणूस आडवा होतो. नुसता दाह आवरायला निघालेली मोठमोठी औषधं याच जागी आपटली. एक महागडं इंजेक्शन अमेरिकेत 2001 मध्ये सेप्सिससाठी मंजूर झालं. पुढच्या चाचणीत मृत्यू कमी होईनात, म्हणून 2011 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. थायमॉल तर अजून या परीक्षेला बसलेलंच नाही. ते संशोधकांनी जरूर तपासावं, पण त्याच्या भरवशावर कुणी घरी थांबू नये.

मग काय चालतं? उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत सापडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवलं: बाळाचा श्वास मोजायचा, ते दूध ओढतं का पाहायचं, सेप्सिसची लक्षणं दिसली की जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे प्रतिजैविक द्यायचं. नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये आधी शंभरातली 16.6 बाळं दगावत. उपचार सुरू झाल्यावर 2.8. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. यात नवीन औषध एकही नव्हतं. जुनंच औषध वेळेवर घरात पोचलं, एवढंच.

म्हणून लक्षणं सांगतो. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाला, तर उजाडायची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. बाळंतिणीला ताप आणि दुर्गंधी स्राव, कुणाही मोठ्या माणसाला संसर्गासोबत धाप, बरळणं, लघवी कमी होणं, तरीही तेच. ओव्याचा अर्क तान्ह्याला चाटवू नका. त्याने कोवळी त्वचा आणि तोंड भाजतं.

गडचिरोलीच्या धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊन नवजात बाळ पाहतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती आली की बाळ झोपलंय म्हणून तिला परत पाठवू नका. दुपटं सोडून तिला पूर्ण एक मिनिट श्वास मोजू द्या. आणि खोलीतली धुरी आधी बंद करा, त्या धुराने बाळाचा श्वास उगाच चढतो.