ओझे वाहणाऱ्याची नोंद
(राऊ, जिल्हा इंदूर येथे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या राऊसारख्या गावी जहाजांच्या धक्क्यावरील हमालांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर राऊच्या रेल्वे स्थानकातच सापडते. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० साली साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला दिले आणि त्यातून खंडवा ते इंदूर हा मीटरगेज लोहमार्ग उभा राहिला. नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये खुला झाला. त्यानंतर मुंबई बंदरात उतरलेला उतारू खंडव्यापर्यंत ब्रॉडगेजच्या गाडीने येई, तेथे गाडी बदली आणि कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून महू, राऊ व इंदूर गाठी. महूच्या छावणीकडे जाणाऱ्या पलटणींचे सामानही याच वाटेने येई. खंडव्यास रुळांचे माप बदलत असल्यामुळे प्रत्येक पेटी, प्रत्येक गाठोडे एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. हे काम हमाल करीत. म्हणजे मुंबईच्या धक्क्यापासून माळव्याच्या पठारापर्यंत जी वाट होती, तिच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही सामान माणसाच्याच माथ्यावरून पुढे सरकत होते.

या माणसाविषयी आज थोडा विचार करावयाचा आहे. मुद्दा एकच आहे. सामानाच्या प्रत्येक नगाची नोंद ठेवण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीच पूर्णत्वास गेली; ते सामान वाहणाऱ्या माणसाची नोंद ठेवण्याचे काम मात्र पुष्कळ उशिरा सुरू झाले आणि अद्यापही ते अपुरे आहे.

बॅलार्ड पिअरचा धक्का

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ साली झाली. त्याच्या आरंभीच्या कारभाराशी निगडित असलेल्या कर्नल बॅलार्ड यांचे नाव बॅलार्ड पिअर या धक्क्यास मिळाले. विलायतेच्या टपाल बोटी येथे लागत. धक्क्याला लागूनच रेल्वेचे स्थानक होते. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात येथूनच उतारूंना घेऊन पेशावरकडे निघत असे.

त्या काळी बोटीने जाणाऱ्याच्या सामानास तीन प्रकारच्या चिठ्ठ्या लावण्याची रीत होती. जे सामान उतारूच्या खोलीत ठेवावयाचे त्यावर एक, प्रवासात अधूनमधून लागणाऱ्या सामानावर दुसरी आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत ज्याची गरज नाही त्यावर तिसरी. पहिल्या प्रकारच्या पेट्या खोलीत जात आणि तिसऱ्या प्रकारच्या जहाजाच्या तळघरात. चिठ्ठी चुकली, तर उतारूचे कपडे तळघरात आणि त्याचे लोखंडी सामान खोलीत, असा घोळ होई. ही सर्व वर्गवारी धक्क्यावर उभ्या असलेल्या हमालाच्या नजरेवर अवलंबून असे. त्यास अक्षरओळख नसली तरी चिठ्ठीचा आकार व रंग यांवरून तो पेटीची जागा ओळखत असे.

सामान हरवले म्हणजे काय होते, याचे उदाहरण या परिसराला जवळचे आहे. राऊच्या शेजारी महू येथे १८९१ साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून मुंबईस परतले. त्यांचे ग्रंथ व इतर सामान स्वतंत्र बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते; पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली आणि कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्रतळाशी गेला. भरपाई म्हणून कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. पेटीला किंमत असते ती तिच्या आतील वस्तूंमुळे. ती वाहणाऱ्यास आत काय आहे हे ठाऊक नसते, तरी सारी जबाबदारी त्याच्यावर असते.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. सहकाऱ्यांनी बरोबर घेतलेल्या पेट्या पाहून ते अस्वस्थ झाले आणि नको असलेल्या पेट्या एडनहून परत पाठविण्यात आल्या. आपण जे उचलीत नाही ते दुसऱ्या कोणास उचलावे लागते, ही गोष्ट प्रवासास निघणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आजच्या पर्यटन जहाजांवरील व्यवस्था

विलायतेच्या टपाल बोटी बंद झाल्या. मुंबईहून हजला जाणारी जहाजेही १९९५ नंतर थांबली. परंतु क्रूझ या नावाने ओळखली जाणारी पर्यटन जहाजे बॅलार्ड पिअरला लागू लागली आणि २०२५ मध्ये तेथे नवे आंतरराष्ट्रीय प्रवासी टर्मिनल सुरू झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय होईल, अशा बेताने ते बांधलेले आहे.

अशा टर्मिनलवरील सामानाची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. प्रवासी दारापाशी येताच त्याच्या बॅगेला चिठ्ठी बांधली जाते. तीवर जहाजाचा मजला व खोलीचा क्रमांक असतो. बॅग हमालाच्या स्वाधीन करून प्रवासी मोकळ्या हाताने तपासणीस जातो. बॅगेची क्ष-किरण यंत्रातून तपासणी होते. मग मजल्यांप्रमाणे वर्गवारी करून त्या जाळीच्या पिंजऱ्यांत रचल्या जातात. यांत्रिक गाडीने हे पिंजरे जहाजात चढविले जातात आणि जहाजावरील नोकर प्रत्येक बॅग ज्याच्या त्याच्या दारापाशी ठेवतात. परतीच्या आदल्या रात्री प्रवाशाने बॅग खोलीबाहेर ठेवावयाची असते. त्या वेळच्या चिठ्ठ्यांना निरनिराळे रंग असतात आणि रंगांप्रमाणे बॅगा जकात-दालनात मांडल्या जातात.

या कामाचा आवाका साध्या हिशेबाने कळेल. तीन हजार प्रवाशांचे जहाज असेल आणि माणशी दोन नग धरले, तर सकाळी सहा हजार नग उतरतात आणि संध्याकाळपर्यंत तितकेच नवे नग चढतात. एका दिवसात बारा हजार नग! जहाज निघून गेले की धक्का रिकामा. दुसऱ्या दिवशी जहाज नसेल तर कामही नाही. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेला असल्यामुळे हंगामच थंडावतो. हमालाचे खरे दुःख ओझ्याइतकेच या अनिश्चिततेत आहे. आज बारा तास काम आणि उद्या काहीच नाही, अशा स्थितीत मुलांच्या शाळेचा खर्च, औषधपाणी व म्हातारपणाची तरतूद कशाच्या आधारावर करावी?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या बंदरांत प्रवाशांचे सामान वाहणारे हमाल गोदी कामगारांच्या संघटनेचे सभासद असतात. त्यांना ठरलेले वेतन व संघटनेचे संरक्षण मिळते. काम तेच, परंतु नोंद असल्यामुळे माणसाची स्थिती पालटते.

नोंदणीने काय साधले

हा धडा आपल्या देशाने परदेशाकडून घ्यावा असे नाही. मुंबईच्या गोदीत पूर्वी टोळीचा मुकादम ज्याला बोलावील त्याला काम, अशी रीत होती. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी गोदी कामगारांस संघटित केले. १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यान्वये मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. कामगारांची नोंदवही तयार झाली, पाळीपाळीने काम वाटले जाऊ लागले आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीचा भत्ता मिळू लागला. पुढे हे मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले.

गोदीच्या फाटकाबाहेर, बाजारपेठांत व गोदामांत मात्र जुनीच स्थिती होती. तेथे अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची चळवळ उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्र शासनाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा केला. या कायद्याची रचना साधी आणि दूरदृष्टीची आहे. मालक, कामगार व शासन या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ असते. मालकाचीही नोंद होते आणि कामगाराचीही. मालक मजुरी मंडळाकडे भरतो व तिच्यावर ठरावीक लेव्ही देतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार आदी तरतुदी होतात. हमाल दहा दुकानांत काम करो की वीस, त्याचे खाते एकच राहते. ज्याला एक मालक नाही त्यालाही नोकरदाराचे हक्क मिळू शकतात, हे या कायद्याने सिद्ध केले.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या द्वारे हाच प्रश्न आणखी एका बाजूने मांडला. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर देऊ नये, पन्नास किलोचे द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. तो केवळ दयेपोटी नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे व स्त्रियांसाठी ती याहून बरीच कमी असावी, असे म्हटले आहे. त्याआधी १९२९ साली, जहाजाने जाणाऱ्या एक हजार किलो व त्याहून जड नगावर वजन लिहिलेलेच असले पाहिजे, असा ठराव त्याच संघटनेने केला होता. उचलणाऱ्यास वजन आधी कळले तर यारीची साखळी तुटत नाही आणि त्याचा जीवही वाचतो.

रेल्वेचा बिल्ला

राऊकरांस जवळचा हमाल म्हणजे इंदूर स्थानकावरील लाल सदऱ्याचा. त्याच्या दंडावरील बिल्ला म्हणजे रेल्वेचा परवाना होय. मजुरीचे दर रेल्वे प्रशासन ठरवून देते व ते स्थानकावर लावलेले असतात. परंतु हा परवानाधारक हमाल रेल्वेचा नोकर नसतो; त्याची मिळकत प्रवाशाकडून येते. २००८ साली अनेक हमालांस रेल्वेत गँगमन म्हणून सामावून घेण्याचा निर्णय झाला आणि २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांस ‘सहायक’ हे नाव देण्यात आले. सन्मानाच्या दृष्टीने नाव बदलणे योग्यच. परंतु चाकांच्या बॅगा सर्वत्र आल्यामुळे त्यांचे काम घटत आहे, हे नावाने बदलत नाही. चाकांच्या बॅगेचे पेटंट अमेरिकेत १९७२ साली देण्यात आले. त्या लहानशा चाकाने प्रवाशाचा भार हलका केला आणि जगभरच्या हमालांची मिळकतही हलकी केली. अशा माणसांस नवे कौशल्य आणि पर्यायी काम मिळाले पाहिजे, हा विचार नियोजनात असावयास हवा.

आपल्या गावात काय करता येईल

इंदूर-महू पट्ट्यात बटाट्याचे पीक मोठे. हंगामात पोती भरणे, शिवणे, तोलणे, गाडीत चढविणे ही कामे करणारे हम्माल व तुलावटी आपल्याच गावांतील आहेत. मध्य प्रदेशातील मंडी समित्यांवर त्यांच्या प्रतिनिधीस स्थान आहे आणि परवानाधारकांसाठी साहाय्य योजनाही आहे. परवाना नसलेला माणूस मात्र या सर्वांच्या बाहेर राहतो. म्हणून पहिले काम नोंदणीचे. असंघटित कामगारांसाठी केंद्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टपासून ई-श्रम नोंदणी सुरू केली आहे. अठरा ते चाळीस वर्षे वयाच्या व महिना पंधरा हजार रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या कामगारास २०१९ पासूनच्या श्रमयोगी मानधन योजनेत सहभागी होता येते; नियमित वर्गणी भरल्यास साठाव्या वर्षानंतर दरमहा तीन हजार रुपये निवृत्तिवेतनाची तरतूद तीत आहे. अधिकाऱ्यांनी हंगामाच्या दिवसांत कामाच्या जागीच नोंदणीची व्यवस्था केली, तर दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जाण्याचे कारण उरणार नाही.

दुसरे काम शेतकरी व व्यापारी यांचे. पोते पन्नास किलोहून जड भरू नये, पाणी व सावलीची सोय असावी आणि मजुरीचा दर फळ्यावर लिहिलेला असावा. ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, नग शरीरालगत धरावा, उचलल्यावर कंबर पिळून वळू नये आणि डोक्यावर चुंबळ असावी, या साध्या गोष्टीही तरुण मजुरांस कोणी तरी सांगितल्या पाहिजेत.

तिसरे काम शिक्षकांचे. विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या शालेय दप्तर धोरणात म्हटले आहे. दप्तर तोलण्याच्या निमित्ताने मुलांस ओझे म्हणजे काय हे शिकविता येईल आणि ज्यांचे वडील ओझे वाहून घर चालवितात, त्या मुलांस वर्गात संकोच वाटणार नाही, असे वातावरण निर्माण करता येईल.

जहाजावर चढणाऱ्या बॅगेला मजला, खोली व मालकाचे नाव असलेली चिठ्ठी असते. म्हणूनच हजारो बॅगांतून ती अचूक जागी पोहोचते. ती उचलणाऱ्या माणसाचेही नाव, काम व मजुरी कोठे तरी लिहिलेली असेल, तर अपघात, आजारपण व म्हातारपण यांत शासनाचे साहाय्य त्याच्यापर्यंत तितक्याच अचूकपणे पोहोचेल. राऊ व आसपासच्या गावांनी येत्या बटाट्याच्या हंगामापूर्वी आपल्या प्रत्येक हम्मालाची नोंद पूर्ण करावी, एवढेच या प्रसंगी आवाहन आहे.