दोर आणि दुसरी तबकडी

नाटकमंडळीच्या पहिल्या खेळाला लोक कुतूहलानें येतात. दुसऱ्या खेळाला मात्र मनाशीं हिशेब मांडून येतात. पहिल्या कृतींत कलावंतानें आजवरचें सारें आयुष्य ओतलेलें असतें. दुसरीसाठीं त्याच्या हातीं एखाददुसरें वर्षच उरतें, आणि तेवढ्यांत व्यापारीहि दाराशीं येऊन बसलेला असतो. हा प्रसंग बहुतेक कलावंतांवर येतो. पण व्यापाराविरुद्ध ओरडणें हाच ज्यांच्या कलेचा प्राण, त्यांच्यावर तो आला म्हणजे काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. लंडनच्या ‘दि क्लॅश’ ह्या वाद्यवृंदाच्या दुसऱ्या तबकडीची हकीकत म्हणूनच सांगण्याजोगी आहे.

इसवी सन १९७६ च्या सुमारास लंडनमध्यें ‘पंक रॉक’ नांवाच्या संगीताची लाट उठली. संस्कृतांतील पंकाशीं ह्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रजींत ‘पंक’ म्हणजे टाकाऊ, उनाड पोर. बेकारीच्या दिवसांत वाढलेल्या तरुणांनीं ह्या शिवीचेंच बिरुद केलें. गिटारीवर दोन-चार स्वरमेळ साधले कीं रंगमंचावर उभें राहावें, आणि मनांतील संताप दोन-तीन मिनिटांच्या भरधाव गाण्यांत ओकून टाकावा, अशी त्यांची रीत. उंची सरंजाम आणि घोटीव सफाई ह्यांचें त्यांना वावडें होतें.

क्लॅश मंडळी ह्याच वर्षीं उभी राहिली. तिचा प्रमुख गायक जो स्ट्रमर. त्याचें मूळ नांव जॉन मेलर. वडील लखनौस जन्मलेले आणि ब्रिटिश परराष्ट्र खात्यांत नोकरीस. मिक जोन्स गिटार वाजवी आणि स्ट्रमरच्या जोडीनें गाणीं रची. पॉल सिमोनन बेस गिटार सांभाळी. टॉपर हेडन हा ड्रमवादक १९७७ सालीं येऊन मिळाला. त्या वर्षाच्या जानेवारींत मंडळीनें सी. बी. एस. ह्या बलाढ्य कंपनीशीं एक लाख पौंडांचा करार केला. पंकपंथीयांच्या एका हौशी नियतकालिकाच्या संपादकानें, सही झाली त्या दिवशींच पंक मेलें, असा निकाल देऊन टाकला.

एप्रिलांत पहिली तबकडी निघाली आणि इंग्लंडांतील विक्रीच्या यादींत बाराव्या क्रमांकावर पोहोंचली. पुढच्याच महिन्यांत कंपनीनें मंडळीला न विचारतां तींतील ‘रिमोट कंट्रोल’ हें गाणें सुटें विकावयास काढलें. ह्या अरेरावीवरच मंडळीनें ‘कंप्लीट कंट्रोल’ हें गाणें रचलें. आणि नवल असें कीं, सप्टेंबरांत तें त्याच कंपनीनें छापून विकलें! आपली निंदा खपते असें दिसलें, तर व्यापारी तीहि तराजूंत घालून देतो.

अमेरिकेचा प्रश्न मात्र निराळा होता. पहिल्या तबकडीचा आवाज इतका ओबडधोबड कीं, नभोवाणी केंद्रें ती वाजविणार नाहींत, असें ठरवून तेथील शाखेनें ती काढलीच नाहीं. तेव्हां दुसरी तबकडी अधिक स्वच्छ व्हावी असा कंपनीचा आग्रह पडला, आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रें सँडी पर्लमन ह्या अमेरिकन गृहस्थाकडे गेलीं. काम लंडनमध्यें सुरू झालें, पुढें सॅन फ्रॅन्सिस्कोला गेलें आणि न्यूयॉर्कला पुरें झालें. गिटारींचा नाद भरदार झाला. ड्रमचा ठोका तर इतका वर आला कीं, जे शब्द ऐकविण्यासाठीं सारी खटपट, तेच पुष्कळांना त्याखालीं दबल्यासारखे वाटले.

तबकडीचें नांव ‘गिव्ह एम इनफ रोप’. माणसाला हवा तेवढा दोर द्यावा, म्हणजे तो आपणच गळफास लावून घेतो, अशी एक इंग्रजी म्हण आहे. तिच्यावरून हें नांव घेतलेलें. वेष्टनावर माळावर मरून पडलेला अमेरिकन काउबॉय, त्याला टोचणारीं गिधाडें आणि घोड्यावरून पाहणारा चिनी स्वार! अमेरिकेंत खपावयाच्या मालावर हें चित्र!

ती १० नोव्हेंबर १९७८ रोजीं प्रसिद्ध झाली. इंग्लंडांत मंडळी दौऱ्यावरच होती, आणि तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. फेब्रुवारी १९७९ मध्यें मंडळी अमेरिकेस गेली. दौऱ्याला नांव दिलें ‘पर्ल हार्बर’! कार्यक्रमांचा आरंभ होई तो ‘अमेरिकेचा वीट आला’ अशा अर्थाच्या गाण्यानें. मात्र त्याआधीं बो डिडली ह्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायकाचें गायन होई. ज्यांच्या संगीतावर आपण पोसलों त्यांना मान द्यावयाचा, आणि ज्यांच्या खर्चानें आलों त्यांच्यापुढें मान तुकवावयाची नाहीं, असा हा बाणा होता.

आतां हिशेब पाहावा. नभोवाणीसाठीं घासूनपुसून तयार केलेली ही तबकडी अमेरिकेंतील यादींत १२८ व्या क्रमांकाच्या वर गेली नाहीं. उलट, जी तेथें खपणारच नाहीं असें ठरलें होतें, त्या पहिल्या तबकडीच्या परदेशांतून आणविलेल्या प्रती तेथें सुमारें एक लाख विकल्या गेल्या. अखेर जुलै १९७९ मध्यें कांहीं गाणीं बदलून कां होईना, कंपनीला ती काढावी लागली. जाहिरात माणसाला दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत आणते. एकानें ऐकून दुसऱ्याला सांगावें ही ओढ तिला निर्माण करतां येत नाहीं.

म्हणून दुसरी तबकडी वाया गेली असें मात्र नव्हे. ह्या मंडळीला तिच्यामुळें मोठ्या ध्वनिमुद्रणाची कला कळली, अमेरिका प्रत्यक्ष पाहतां आली, आणि कंपनीशीं व्यवहार कसा करावा हेंहि उमगलें. त्याच वर्षीं १४ डिसेंबरला तिसरी कृति आली. दोन तबकड्या, आणि किंमत एकीची! कंपनीनें सोबत एक लहान तबकडी फुकट देण्यास रुकार दिला होता. मंडळीनें तीच वाढवीत नेऊन पुरती दुसरी तबकडी करून टाकली. कंपनीनें दिलेला दोर असा मंडळीच्या कामास आला.

त्या कृतीचें नांव ‘लंडन कॉलिंग’. महायुद्धाच्या काळांत बी. बी. सी. च्या केंद्रावरून घरोघर ऐकूं येणारी हीच ती जुनी हांक. अमेरिकेंतील यादींत ती २७ व्या क्रमांकापर्यंत पोहोंचली.