ऑफर एकीला, निर्णय दोघांचा

(शारजातल्या मराठी कामगारांच्या रविवारच्या बैठकीत, जानेवारी 2026 मध्ये, इंग्लंडहून व्हिडिओ कॉलवर केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? इथे आत्ता सकाळ आहे, मी रात्रपाळी करून आलोय, त्यामुळे मधेच जांभई आली तर माफ करा.

गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एका भावाचा फोन आला. एसीचं काम करतो, पगार बावीसशे दिरहम. चार हजाराच्या आत पगार असला की बायकोला इकडे आणता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. राहायची जागा कंपनीची असेल तर तीन हजार, तेही त्याचे नाहीत. त्याची बायको गावाकडे खासगी दवाखान्यात नर्स. लग्नाला सहा वर्षं झाली आणि एकत्र राहिले ते सगळे मिळून सात महिने. आता तिला इंग्लंडच्या एका सरकारी रुग्णालयाची ऑफर आलीय. तो म्हणाला, "दादा, तिला पाठवू का? मी पण जाऊ का? का हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होईल?"

मी त्याला म्हटलं, जा किंवा नको जाऊ, हे मी सांगणार नाही. पण आम्ही ज्या गोष्टी बघितल्या आणि ज्या बघायच्या राहिल्या, त्या सांगतो. त्याच आज इथे मांडतो.

मी स्वतः शारजात नऊ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. बायको मिरजेत शिकलेली नर्स, तिथेच एका क्लिनिकमध्ये होती. 2023 पासून आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला एका छोट्या शहरात आहोत. शारजात तिचा व्हिसा माझ्या नावावर होता. इथे माझा व्हिसा तिच्या नावावर आहे. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली गोष्ट. नोकरी नेमकी कुठली आहे ते बघा. नर्सची का केअर वर्करची? एजंट दोन्हीला "हेल्थकेअर जॉब" म्हणतो. पण कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. केअर वर्कर म्हणजे वृद्धाश्रमात किंवा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, जेवण, उठबस बघणं. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने या कामासाठी बाहेरून माणसं घ्यायला सुरुवात केली. मग 11 मार्च 2024 पासून केअर वर्करला नवरा, बायको, मुलं आणायला बंदी केली. आणि 22 जुलै 2025 पासून बाहेरच्या देशातून नवीन केअर वर्कर घेणंच बंद केलं. जे आधीपासून इथे आहेत त्यांचे नियम वेगळे. पण तुम्ही शारजात बसलाय. तेव्हा आज जर कुणी तुम्हाला तिथे चहाच्या टपरीवर म्हणाला, "बारा लाखात केअर व्हिसा, मिस्टर-मिसेस दोघं," तर ती वस्तू बाजारात अस्तित्वातच नाही. चहा पिऊन उठा.

नोंदणीकृत नर्सचं तसं नाही. तिला आजही हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा मिळतो, आणि नवऱ्याला व 18 वर्षांखालच्या मुलांना सोबत आणता येतं. पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा, ओईटी नाहीतर आयईएलटीएस. मग सीबीटी, ती संगणकावरची. आणि इंग्लंडला आल्यावर ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा. ती पास झाल्यावरच एनएमसीचा नोंदणी क्रमांक, ज्याला सगळ्या जणी पिन म्हणतात, तो मिळतो. तोवर पगार खालच्या बँडचा.

दुसरी गोष्ट, पैसे कुणाला द्यायचे? ब्रिटनच्या कायद्यात नोकरी शोधून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायला एजन्सीला मनाई आहे. भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती. एजंट नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघता येतं. ज्या रुग्णालयाची ऑफर आहे त्याला परदेशी माणूस घ्यायचा परवाना आहे का, ती यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे. यादीत नाव आहे म्हणून ऑफर खरी असं मात्र नाही. तुमच्या हातातला कागद खरंच त्यांनीच पाठवलाय का, हे रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता काढून त्यांना विचारा. एजंटाने दिलेल्या नंबरावर नको.

माझा एक मित्र यात अडकला. 2023 मध्ये त्याच्या बायकोने केअरची नोकरी घेतली, तेव्हा नवऱ्याला आणता येत होतं. शेत गहाण टाकून एजंटाला पैसे दिले. इथे आल्यावर कळलं, कंपनीकडे आठवड्याचे बारा-पंधरा तासच काम. वर्षभरात कंपनीचा परवाना गेला. मग गृहखात्याचं पत्र आलं, साठ दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर देश सोडा. काम तिचं गेलं, पण मुदत दोघांना लागली. तो गोदामात चांगला कमवत होता, त्याच्या कामात काही खोट नव्हती. तरी त्याचाही व्हिसा गेला, कारण तो तिच्या व्हिसाला बांधलेला होता.

हीच तिसरी गोष्ट. ऑफर एकीला असली तरी टांगणीला दोघं असतात. तिची नोकरी गेली, ती परीक्षेत नापास झाली, रुग्णालयाने करार तोडला, तर तुमचंही बस्तान उठतं. आणि संसार मोडला तर ज्याचा व्हिसा दुसऱ्याच्या नावावर आहे त्याचा आधार जातो. घरात छळ होत असेल तर 2024 पासून अशा जोडीदाराला तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते, पण ती तीनच महिन्यांची. हे वाईट बोलणं वाटेल, पण निघण्याआधी बोलायचं ते हेच.

इथे बरेच जण म्हणतात, "मग ती पोराला घेऊन पुढे जाऊ दे, मी इकडेच राहून पैसे पाठवतो." भावांनो, हे तितकं सोपं नाही. मुलाच्या व्हिसासाठी आई-बाप दोघंही इंग्लंडात असावे लागतात, किंवा दोघं मिळून येत असावे लागतात. एकट्या आईजवळ पाठवायचं तर मुलाची सगळी जबाबदारी एकट्या तिचीच आहे असं सिद्ध करावं लागतं. तुम्ही दर महिन्याला पैसे पाठवताय, शाळेची फी भरताय, मग ते कसं सिद्ध करणार? थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्यावर विसंबून तिकीट काढू नका.

आम्ही काय केलं? ती एकटी पुढे आली. मी शारजातली नोकरी सोडली नाही. मुलगी तीन वर्षांची होती, तिला आजीकडे तासगावला ठेवलं. ऑस्की पास होऊन पिन हातात यायला पाच महिने गेले. मग मी आणि मुलीने एकदम अर्ज केला. या पाच महिन्यांनी आम्हाला वाचवलं, कारण ती नापास झाली असती तरी एक पगार चालू होता. पण त्याची किंमत पण सांगतो. तिसऱ्या महिन्यापासून पोरगी फोनवर आईशी बोलेना. आईचा चेहरा दिसला की आजीच्या पदराआड जायची. बायको इथे रात्रीची ड्यूटी करून यायची आणि फोन ठेवून रडायची. हा हिशोब कुठल्या कागदावर येत नाही. तुमच्या घरात हे झेपेल का, ते तुमच्या बायकोला विचारा. "तुला झेपेल" असं सांगू नका, विचारा.

चौथी गोष्ट, पैशाचा हिशोब एका पगारावर करा. 2025-26 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नर्सचा, म्हणजे बँड पाचचा, सुरुवातीचा पगार वर्षाला 31,049 पौंड होता. कर, विमा, पेन्शन कापून महिन्याला हातात साधारण दोन हजार पौंड येतात. आता आमच्या गावातला खर्च बघा. घरभाडं 850, काउन्सिल टॅक्स 130, वीज-गॅस 150, किराणा 350, बस आणि फोन 140. झाले 1,620. उरले पावणेचारशेच्या आसपास. लंडनला भाडंच याच्या कितीतरी वर जातं. पौंडाचे रुपये करून स्वप्नं बघू नका, कारण खर्चही पौंडातच होतो.

चांगली बाजूही आहे. या व्हिसावर आरोग्याचा वेगळा अधिभार भरावा लागत नाही, ना तिला ना कुटुंबाला. सरकारी शाळा फुकट आहे. पण सरकारी भत्ते आपल्याला नाहीत. शिवाय येताना खात्यात पैसे दाखवावे लागतात. नर्सचे 1,270 पौंड, नवऱ्याचे 285, पहिल्या मुलाचे 315, पुढच्या प्रत्येकाचे 200, आणि ते 28 दिवस सलग. रुग्णालयाने हमी लिहून दिली तर सुटतं. ती देणार का, आधीच विचारून घ्या.

"मी पण काम करीन की," असं तुम्ही म्हणाल. करता येतं. नर्सच्या नवऱ्याला जवळपास कुठलंही काम करायची मुभा आहे. पण नर्सची पाळी बारा-साडेबारा तासांची, कधी दिवस, कधी रात्र, कधी रविवार. इथे आजी नाही, शेजारची मावशी नाही. पाळणाघराचे पैसे ऐकून घाम फुटतो. मी पहिले चार महिने घरीच होतो. माझा आयटीआयचा दाखला इथे थेट चालला नाही, वायरिंगला इथलं प्रमाणपत्र लागतं. आता गोदामात रात्री खोके उचलतो. ती दिवसा जाते, मी रात्री. आठवड्यात एकदा एकत्र जेवण झालं तर सण. म्हणून दुसरा पगार मिळाला तर वरचा समजा. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि पुरुषांना एक सांगतो, राग मानू नका. बायको कमावते आणि मी पोरीची वेणी घालतो, हे मला पहिल्या महिन्यात जड गेलं. गावाकडून फोन आला की मी "काम चालू आहे" असं खोटं सांगायचो. बारा तास उभं राहून ती घरी यायची आणि मी विचारायचो, जेवायला काय करतेस? एक दिवस ती काही बोलली नाही, चपला न काढता दारातच बसून राहिली. त्या दिवसापासून कणीक मी मळतो. हे जमणार नसेल तर येऊ नका. तिच्या नोकरीवर संसार टेकवायचा आणि तिच्याच अंगावर घर पण टाकायचं, यात ती मोडते. मग नोकरीही जाते आणि व्हिसाही.

पाचवी गोष्ट, करार. बरीच रुग्णालयं तिकीट, व्हिसाची फी, पहिल्या महिन्याचं राहणं देतात. त्या बदल्यात ठराविक काळाआधी सोडलं तर पैसे परत करायची अट असते. अट असणं गैर नाही. पण परदेशी भरतीच्या सरकारी आचारसंहितेप्रमाणे रक्कम खऱ्या खर्चाएवढी असावी, नीट लिहिलेली असावी आणि दिवस जातील तशी कमी होत जावी. परवान्याचा आणि सीओएसचा, म्हणजे स्पॉन्सरशिपच्या दाखल्याचा खर्च मालकाला कामगाराच्या माथी मारता येत नाही. तो आकडा करारात दिसला तर सही थांबवा. आल्या आल्या संघटनेत नाव घाला, युनिसन असो की रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग. भांडण झाल्यावर सदस्य होऊन जुन्या तक्रारीला मदत मिळेलच असं नसतं.

एक भ्रम पण काढून टाका, "पाच वर्षांनी कायमचा परवाना पक्का." मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत साधारण दहा वर्षांवर न्यायचा विचार मांडलाय. तेव्हा निर्णय आजच्या पगारावर आणि आजच्या संसारावर करा.

शेवटी शारजा सोडणाऱ्यांसाठी. दोघांचे व्हिसा मंजूर झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ग्रॅच्युइटी सोडू नका, वर्ष पूर्ण झालं की ती तुमच्या हक्काची आहे: पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. आणि बायको गेल्या दहा वर्षांत तिथे सलग किंवा मिळून बारा महिने राहिली असेल, तर तिथला पोलीस दाखला देश सोडण्याआधीच काढून ठेवा. नंतर बाहेरून काढायला पळापळ होते.

त्या भावाला मी एवढंच सांगितलं. ऑफरचा कागद फोनवर दोघांनी मिळून वाचा, एक ओळ तू वाच, एक ओळ ती. जिथे कळणार नाही तिथे खूण करा आणि विचारा. मग तिला विचार, कुणी सासर-माहेर मधे नसतं, कर्ज नसतं, तर तू गेली असतीस का? तिचं उत्तर "नाही" आलं तर ते पण उत्तर आहे. न जाणं म्हणजे हरणं नव्हे.

परवा त्याचा मेसेज आला. अजून ठरलं नाही म्हणाला, पण तीन रात्री कागद वाचतोय दोघं. सहा वर्षांत एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं म्हणे.

आता तुमचे प्रश्न विचारा. पोरगी उठायच्या आत जितके होतील तितके घेऊ.