नाचणी, मीठ आणि धमन्यांची लवचिकता



असंसर्गजन्य आजारांचा अभ्यास सामान्यतः आरोग्यसेवेच्या प्रकरणात केला जातो. वस्तुतः तो अन्नधोरणाचाही विषय आहे, आणि बेंगळुरूच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते.

बेंगळुरूभोवतीचा कोरडवाहू प्रदेश नाचणीचा. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी मंड्या येथे भारतीय व आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ वाण विकसित केले आणि नाचणीची उत्पादकता वाढली. तरीही शहरी श्रमिकाच्या ताटात नाचणीच्या गोळ्याची जागा बव्हंशी पांढरा भात आणि बेकरीचा मैदा यांनी घेतली.

याचा धमन्यांशी संबंध काय? धमनीच्या भित्तिकेला ताणण्याची क्षमता इलॅस्टिन या प्रथिनामुळे लाभते. ते बहुतांशी बालपणीच तयार होते. पुढे झालेली झीज जवळजवळ भरून निघत नाही. आतील अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवतात. रक्तातील साखर सतत चढी राहिली की पेशींतील चयापचयावर ताण येतो. त्यातून निर्माण होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील घटक नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. शिवाय साखरेमुळे कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडले जातात. अतिरिक्त मीठ या ताठरतेत भर घालते. ताठर धमनीतून नाडीची लाट अधिक वेगाने धावते. मान ते जांघ या टप्प्यात तिचा वेग सेकंदाला 10 मीटरहून अधिक असणे ही धोक्याची खूण मानतात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशातील 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी आहे. भारतीय आहारात मीठ त्याहून बरेच अधिक असते.

शासनाने 2018 मध्ये भरडधान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले. 2025-26 साठी नाचणीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 4,886 रुपये, तर सामान्य भाताची 2,369 रुपये ठरली. उत्पादकाच्या बाजूने हे योग्यच. मात्र खुल्या बाजारात नाचणी महाग झाली, तर शिधापत्रिकेवर विनामूल्य मिळणाऱ्या तांदळापुढे ती टिकत नाही. म्हणूनच दक्षिण कर्नाटकात शिधावाटपात तांदळासोबत नाचणी देण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. नाचणी हे औषध नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. तिच्या बारीक पिठाची पेज साखर झपाट्याने वाढवू शकते. कोंड्यासह दळलेले पीठ, जोडीला डाळ आणि पालेभाजी, असा आहार हवा.

प्रश्न वेळेचाही आहे. सकाळी लवकर तयार कपड्यांच्या कारखान्यात पोहोचणाऱ्या स्त्रीला नाचणीचे पीठ घोटत बसण्यापेक्षा कुकरमधला भात सोपा वाटतो, आणि शिधावाटपाच्या हिशेबात तिचा हा वेळ कोठेच धरलेला नसतो.